हुबेहूब

वीरेशनं पिशवीची गाठ सोडेपर्यंत आतला फोन वाजायचा थांबला होता. त्यानं हात घालून चाचपलं. सगळ्यांचे फोन एकमेकांवर पडलेले, आणि प्रत्येकाच्या पाठीवर नावाची चिकटपट्टी. शेवटी नेमिनाथअण्णांचा जुना, बटणांचा फोन हाताला लागला. पडद्यावर ऋषभचं नाव होतं. अण्णांचा हा एकुलता मुलगा सकाळपासून फोन लावत होता.

समोर पत्र्याच्या मांडवाखाली मतदार पत्ते कुटत बसले होते. तालुका दूध संघाची निवडणूक उद्यावर आली होती. गावोगावच्या दूध संस्थांनी ठराव करून एकेक माणूस मतदार म्हणून नेमला होता, आणि त्यातली एका गटाचे पुढारी गणपतराव यांच्या बाजूची माणसं, अण्णांसकट, आठवडाभर इथं, वेंगुर्ल्याजवळच्या एका लॉजवर आणून ठेवली होती. याला आमच्याकडं सहल म्हणतात. सहलीला आलेल्या माणसाला समुद्र दाखवतात, हवं ते खायला घालतात, त्याच्या पाया पडतात. फक्त त्याचा फोन काढून घेतात आणि फाटकाला कुलूप लावतात. माणूसही घरी गेल्यावर समुद्राचंच सांगतो, कुलपाचं सांगत नाही.

फोन पुन्हा वाजला. वीरेश तो घेऊन पाण्याच्या टाकीमागं गेला.

"अण्णांना दे," ऋषभ म्हणाला.

"अण्णा आंघोळीला गेल्यात."

"तीनदा आंघोळीला गेलं व्हय सकाळपासनं? वीरेशदादा, आईनं पाणी सोडलं. काल सांजंला मुनीमहाराजांच्या म्होरं नियम घेतला. अण्णांना सांगितलंस का न्हाईस?"

वीरेशनं टाकीला पाठ टेकली.

"सांगतो की."

"सांगतो न्हाय. आणून सोड. अण्णांची क्षमा मागायची हाय तिला, तेवढ्यासाठी थांबलीया. आज दिवस मावळायच्या आत अण्णा दारात पायजेत. न्हायतर मी येतो. समोरच्या पार्टीची गाडी दारात उभी हाय, चल म्हणत्यात, आत्ता निघू म्हणत्यात. मी जात नव्हतो. आता जाईन."

फोन ठेवल्यावर वीरेशचा हात आपसूक गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला आणि तिथून खाली आला. याच लिंगाला हात लावून त्यानं अण्णांना शब्द दिला होता.

कुरुंदवाडच्या पलीकडच्या त्या गावात अण्णांचं आणि वीरेशचं घर भिंतीला भिंत लागून. वीरेशची आई शांतव्वा दिवसभर दुसऱ्यांच्या रानात असायची, तेव्हा पोराला भूक लागली की पोर भिंत ओलांडायचं. पलीकडं अण्णांची बायको राजमती. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. पोराचं डोकं भिंतीवर दिसायचा अवकाश, चुलीपुढनं हाक यायची, "वीरेशा, जेवलास काय रं?" जेवलो म्हटलं तरी ताट व्हायचं. वीरेश त्या ताटावर वाढला असं म्हटलं तर शांतव्वासुद्धा रागावली नसती.

आक्काला दुखणं जडून वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिनं अन्नपाणी सोडत शांतपणे मरणाला सामोरं जायचं, सल्लेखनेचं व्रत घ्यायचं ठरवलं, घरच्यांची संमती घेतली, आणि एकेक पदार्थ सोडत आणला. अन्न सुटलं, मग दूध सुटलं, मग ताकसुद्धा. वीरेश अण्णांना न्यायला गेला तेव्हा ती नुसत्या पाण्यावर होती.

"मी येत न्हाय," अण्णा म्हणाले होते. "मत द्यायचं तर हितनं जाऊन देईन. शब्द दिलाय गणपतरावांना, मोडायचा न्हाय."

अण्णांचा शब्द म्हणजे शब्दच, हे गणपतरावांनाही ठाऊक होतं. पण ज्याला स्वतःचा शब्द मोडायची सवय असते त्याला दुसऱ्याचा शब्द कुलपात घातल्याशिवाय झोप येत नाही. अण्णांना घाबरवायचं काम वीरेशवर आलं. आधी दोन दिवस अण्णा पहाटे जैन बस्तीत दर्शनाला निघाले की मागं एक मोटारसायकल लागायची. गावच्या दूध संस्थेत अण्णा दूध मोजायचे, तिथल्या काट्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू निघालं. अण्णांनी ते चिमटीत धरून गटारात टाकलं आणि दूध मोजायला लागले. करणीला ते भिणारे नव्हते, स्वतःसाठीही भिणारे नव्हते. तेव्हा वीरेशनं विचार केला की हा माणूस भितो तरी कशाला, आणि त्या घरात वाढलेला असल्यामुळं त्याला उत्तर लगेच सापडलं. तिसऱ्या दिवशी आक्का डोळे मिटून णमोकार मंत्र ऐकत पडलेली असताना कौलांवर दगड आले. एक फुटकं कौल तिच्या खाटेजवळ पडलं. दगड टाकणारी पोरं गणपतरावांचीच होती आणि त्यांना कौलं कुठली ते वीरेशनंच दाखवलं होतं.

मग तोच धावत आला. "बघितलासा, अण्णा? ही समोरची माणसं. तुमी हितं असंतोवर ती थांबायची न्हाईत. आक्काच्या खाटंपर्यंत येतील. तुमी चार दिस भाईर ऱ्हावा, म्हंजे घर शांत ऱ्हाईल."

अण्णा बराच वेळ फुटक्या कौलातून दिसणाऱ्या आभाळाकडं बघत होते. मग म्हणाले, "माझ्या वडलांनीबी हेच व्रत घेतलतं. पाणी सुटलं की जीभ टाळूला चिकटती, शब्द तुटाय लागत्यात. मग वाचा जाती. तिनं पाणी सोडलं असं कळलं की मला घरी आणायचं. मत असू दे न्हायतर नसू दे. मला तिच्याशी बोलायचं हाय."

"आणतो की, अण्णा." वीरेशनं लिंगाला हात लावला. "ह्याची शपथ."

निघताना आक्कानं खाटेवरून मान वळवून विचारलं होतं, "वीरेशा, जेवलास काय रं?"

गाडी घाटात लागली तशी माणसं कंटाळली आणि वीरेशला नकला करायला लावलं. ही त्याची जन्माची कला. गावच्या गणपतीत तो नकला करायचा, तिथून गणपतरावांनी त्याला उचलला. कुणाची लकब तो ठरवून बसवत नसे. शेवटचा जसा आवाज कानात पडला असेल तसा तो गळ्यातून बाहेर येई. त्या दिवशी गणपतरावांना सर्दी होती, तर नकलेतले गणपतरावही चोंदलेल्या नाकानं भाषण करत होते. गाडी हसून लोटपोट झाली. मग अण्णाच म्हणाले, "आक्काचा काढ की." वीरेशनं काढला. थकलेला, मऊ, पण स्वच्छ. "वीरेशा, जेवलास काय रं?" अण्णांनी खिडकीबाहेर बघत हसून घेतलं आणि उपरण्यानं डोळे पुसले.

याच कलेवर गेल्या निवडणुकीत एक मत मारलं होतं. समोरच्या गटाच्या सहलीत एक मतदार होता, त्याला वीरेशनं त्याच्याच भावाच्या आवाजात फोन करून बाप वारल्याचं सांगितलं. माणूस मतदान सोडून रडत गावी गेला, तर बाप अंगणात विडी ओढत बसलेला. तालुका महिनाभर हसत होता. तेव्हापासून सहलीत मयतीचा फोन आला की कुणी खरं मानत नाही, आणि प्रत्येक गट फोन काढून घेतो.

टाकीमागून वीरेश गेला तेव्हा गणपतराव लॉजच्या वरच्या मजल्यावर खुर्चीत बसून नखं काढत होते. वीरेशनं सगळं सांगितलं. त्यांनी नेलकटर थांबवलं नाही.

"खरं कशावरनं? तूच शिकवलंस की सगळ्यांस्नी."

"खरं हाय, साहेब. मला म्हाईत हाय."

"बरं, खरं असू दे. आता म्हाताऱ्याला सोडला की तो उद्या परत येतोय व्हय? आणि न्यायला गाडी काढली की बाकीच्या निम्म्यांची आई आज रातीच मराय लागंल. एका मताचं गणित हाय, वीरेश. पृथ्वीराज पडला तर काय हुईल सांगू?" पृथ्वीराज म्हणजे त्यांचा मुलगा, संघाचा व्हायचा अध्यक्ष. "मी घरी बसंन. मी बसलो की तू कुठं बसणार? रक्षिताची संघातली नोकरी अजून कच्चीच हाय न्हवं?"

रक्षिता वीरेशची बायको. तिचं नाव गणपतरावांच्या तोंडून फार क्वचित यायचं.

"ऋषभ समोरच्यांची गाडी घेऊन येतोय म्हणतोय," तो म्हणाला.

आता मात्र नेलकटर थांबलं. गणपतरावांनी बोटावर फुंकर मारली आणि वीरेशकडं नीट बघितलं, बाजारात जनावराकडं बघतात तसं.

"अण्णांचा आवाज येतोय न्हवं तुला?"

वीरेशनं हातातल्या फोनकडं बघितलं.

"अरं, म्हातारीला क्षमा पायजे. दे की. दोन शब्द तर बोलायचं. पोराला सांग, उद्या मत देऊन दुपारी येतो. म्हातारी समाधानानं जाईल, पोरगं गप बसंल, संघ आपला. ह्यात कुणाचं काय वाकडं झालं?"

असं समजावून सांगितलं की पाप किती हलकं होतं बघा. वीरेशला ते जवळजवळ पुण्यासारखंच वाटायला लागलं. आक्काला आवाज ऐकायला मिळेल, तिची तडफड थांबेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. तिच्यावर त्याचा जीव होता आणि तो खराही होता, पण त्या क्षणी त्याला स्वतःची भीती जास्त होती.

त्यानं दार लावून घेतलं. लिंग बनियनच्या आत सारलं. फोन लावला आणि घसा खाकरला, अण्णा खाकरतात तसा दोनदा.

"ऋषभ, मी बोलतोय."

"अण्णा!" पलीकडं पोराचा बांध फुटला. "कवा येताय?"

"रडू नगंस. शब्द दिलाय, तेवढा उद्या सकाळी मोकळा करतो आणि तिथनं सरळ घरी येतो. तू कुणाच्या गाडीत बसू नगंस. आईला सोडून हलू नगंस. दे तिला."

गणपतरावांनी समोरून मान डोलावली. फोनमध्ये सरसर आवाज आला, मग आतल्या खोलीतला बायकांचा हळू आवाजातला णमोकार, मग एक श्वास. ऋषभ दुरून म्हणाला, "आई, अण्णा हायत. कानाला लावलाय बग."

वीरेशनं ऐकलं तो आवाज त्याला आधी ओळखूच आला नाही. जीभ टाळूपासून सुटताना होतो तसा चिकट आवाज व्हायचा आणि मग अर्धा शब्द यायचा.

"आज... पतोर... कळत... न कळत... काय चुक... लं असंल तर... उत्तम... क्षमा."

"केली, अगं," वीरेश अण्णांच्या आवाजात म्हणाला. "समदी क्षमा केली. मनात कायबी ठेवू नगं. शांत ऱ्हा."

चांगलं जमलं होतं. 'अगं' तर अगदी अण्णांचं होतं. पलीकडून काही आलं नाही. ती वाट बघत होती. श्वास चालू होता आणि ती कशाची तरी वाट बघत होती, आणि ती कशाची ते वीरेशला समजेना.

दरवर्षी पर्युषण पर्वाच्या शेवटी, क्षमावाणीच्या दिवशी, त्या घरात सगळे एकमेकांची क्षमा मागायचे. अण्णा आधी मुलाला, मग गड्याला, मग आक्काला हात जोडायचे. आक्का त्यांना जोडायची. तिथं क्षमा नुसती देऊन भागत नाही. देणाऱ्यानंही तिथल्या तिथं मागायची असते, आणि नवऱ्यानं बायकोची तर आधी. वीरेश हे सगळं भिंतीवर बसून लहानपणी दरवर्षी बघायचा. पण त्याचं लक्ष ताटातल्या लाडवांवर असायचं.

बऱ्याच वेळानं पुन्हा जीभ सुटल्याचा आवाज आला.

"वीरेशा," आक्का म्हणाली. "जेव... लास काय... रं?"

मग ऋषभ फोनवर आला. त्याचा आवाज निवळला होता. "अण्णा, आईनं डोळं मिटलं. शांत दिसती. तिला इचारलं, बोलणं झालं काय, तर मान हलीवली तिनं. उद्या मत देऊन या मग. पण येळ करू नगासा."

तिनं पोराला काही सांगितलं नव्हतं.

"पटलं?" गणपतरावांनी विचारलं.

"पटलं."

"तरी मी म्हणत हुतो," म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताची नखं काढायला घेतली.

अण्णांचं जेवण सूर्य मावळायच्या आत असे, म्हणून त्यांचं पान रोज लवकर मांडायचे. त्या दिवशी शेवटची संध्याकाळ होती. पहाटे गाड्या निघून थेट मतदान केंद्रावर जायच्या होत्या. त्यामुळं गणपतराव स्वतः मांडवात आले होते, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत होते, समोरचे लोक रस्त्यात गाड्या अडवतील, तलवारी घेऊन उभे आहेत, कुणी खाली उतरू नका, असं सांगत होते. माणसं गंभीरपणे ऐकत होती. तलवारी कुणी बघितल्या नव्हत्या, पण भ्यायला सगळे तयार होते. घाबरलेला माणूस शेजाऱ्याला चिकटून बसतो आणि मोजायला सोपा पडतो.

अण्णांनी भात संपवला आणि वीरेशला जवळ बोलावलं. आठवडाभर ते रोज विचारायचे तेच विचारलं.

"फोन आला काय रं घरनं?"

"न्हाय, अण्णा."

"आला न्हाय म्हंजे पाणी घेतीया अजून." अण्णांनी पाण्यानं भरलेला पेला जवळ ओढला. दिवस मावळायच्या आतलं शेवटचं पाणी ते सावकाश प्यायचे. "बरं झालं. उद्या दुपारी पोचतोयच की आपण."

"व्हय."

"तुझं तोंड का उतरलंय? जेवला न्हाईस?"

तेवढ्यात गणपतराव तिथं येऊन उभे राहिले. पत्ते आवरून बाकीचेही सरकले. कुणीतरी म्हणालं, "शेवटचा दिस हाय, वीरेशची एक नक्कल हुं दे." दुसरा म्हणाला, "साहेबांची कर, सर्दीवाली." हशा झाला. गणपतरावही हसले.

अण्णा म्हणाले, "न्हाय, आक्काचा काढ की. लई दिस झालं ऐकून."

"नगं, अण्णा. आज घसा बसलाय."

"एवढं एकदाच."

"काढ की लेका," गणपतराव म्हणाले. "वडीलधारं माणूस मागतंय."

वीरेशनं गाडीतला तो आवाज आठवायचा प्रयत्न केला. थकलेला, मऊ, स्वच्छ. लहानपणचा, चुलीपुढचा आवाजसुद्धा आठवून बघितला. त्यानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती. ती सुटताना आवाज झाला.

"वीरेशा... जेव... लास काय... रं?"

"ह्या! आज न्हाय जमलं," मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. "खरंच घसा बसलाय."

अण्णा हसले नाहीत. पेला त्यांच्या ओठांपाशी पोचला होता. तो त्यांनी तसाच खाली आणला आणि पानाशेजारी ठेवला. ते वीरेशच्या तोंडाकडं बघत होते, मघाशी त्यातून आलेला आवाज अजून तिथं असल्यासारखे.

"पाणी कवा सोडलं तिनं?"

अगदी हळू विचारलं, दोघांनाच ऐकू जाईल असं. पण गणपतरावांचा कान तिखट होता. त्यांनी दोन्ही हात वर करून जोरात टाळी मारली. "वा रं गड्या! हुबेहूब!" साहेबांनी टाळी वाजवली म्हटल्यावर सगळ्यांनीच वाजवली. पत्र्याखाली टाळ्यांचा नुसता गदारोळ झाला. त्या गदारोळात अण्णांचे ओठ पुन्हा एकदा हलले, तोच प्रश्न होता. मग त्यांनी फाटकाकडं बघितलं. गणपतरावांनीही बघितलं. फाटकापाशी कृष्णात ड्रायव्हर स्टूल टाकून बसला होता. तो उठला, कुलूप एकदा ओढून बघितलं आणि पुन्हा बसला.

"वीरेशा," अण्णा म्हणाले, "फाटक उघडाय सांग."

"उद्या, अण्णा. मत झालं की."

अण्णा उठले नाहीत, ओरडले नाहीत. दिवस मावळायला अजून थोडा वेळ होता, झाडांच्या शेंड्यांवर ऊन होतं. त्यांनी पेल्यातलं पाणी ताटात ओतलं आणि पेला पालथा घातला.

टाळ्या थांबत आल्या तसे गणपतराव वीरेशच्या कानाशी वाकले.

"म्हातारा उद्या मतापतोर टिकंल न्हवं?"

"टिकंल," वीरेश म्हणाला. आवाज अजून आक्काचाच होता.